चासीच्या पोटातलं पाणी

गॅरेजचं शटर मी गेल्या वर्षी कायमचं ओढलं, तरी घरासमोरून एखादी उंच गाडी जोरात वळली की माझा हात अजून आपोआप छातीकडे जातो. बायको म्हणते, "अहो, ती तुमच्याकडची नाही." मी म्हणतो, "माझ्याकडची नसली तरी कुणाकडची तरी आहेच ना." आमच्या आळीत मला काळजीवाहू मिस्त्री म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण खोटं नाही. जन्मभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि शेवटची काही वर्षं गाड्या उंच करण्यात गेली. या कामात ज्याला काळजी वाटत नाही, त्याच्या हातात मी तरी माझी गाडी देणार नाही.

गाडी उंच करणं म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चारी चाकांना ताकद मिळते अशी एखादी जुनी मोठी गाडी घ्यायची, तिची डागडुजी करायची आणि दोन-तीन इंच उचलून घ्यायची, ही हौस हल्ली आमच्या रत्नागिरीतही आली आहे. काहींची हौस असते, काहींची गरज. आमच्याकडे सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, चढणारी वाट म्हणजे जांभ्याचे सुटे दगड आणि मध्ये पाण्याने खणलेले चर. साधी गाडी तिथे पोट घासत जाते. मग पुढच्या स्प्रिंगा जरा उंच घालायच्या, मागच्या कमानपाट्यांच्या कड्या लांब करायच्या, शॉकअप बदलायचे, की गाडी जमिनीपासून वर जाते. ऐकायला सोपं आहे. पण गाडी वर गेली की ब्रेकचा पाइप ताणला जातो, चाकांना फिरवणारा दांडा वाकड्या कोनात फिरायला लागतो, स्टिअरिंगची पकड बदलते आणि वळणावर गाडी कलंडायला आधीपेक्षा जास्त तयार होते. एक गोष्ट बदलली की बाकीच्यांची समजूत काढत बसावं लागतं. गिऱ्हाइकाला मात्र फक्त उंची दिसते.

उंचीचं वेड असलेली गिऱ्हाइकं मी खूप पाहिली. एकाची गाडी इतकी उंच झाली की त्याची आई तिच्यात चढेना. त्याने दाराखाली पायरी लावून घेतली. ती पहिल्याच दगडावर तुटली. शेवटी तो गाडीत लग्नातला पाट ठेवायला लागला. आई यायची म्हटली की खाली उतरायचं, पाट मांडायचा, आई चढली की पाट उचलून आत ठेवायचा. लांज्याच्या एका काजूवाल्याने हौसेने गाडी उंच करून नेली आणि आठवड्याच्या आत परत आणली, "पहिल्यासारखी करा" म्हणून. त्याच्या शेडचा दरवाजा बुटका निघाला. मी हसलो नाही, कारण ज्या गाड्या मी पुन्हा खाली केल्या त्यांच्याबद्दल मला अगदी निवांत वाटायचं.

आणि मग खारं पाणी. मुंबई-पुण्याची पोरं गाडी घेऊन पुळणीवर, किनाऱ्याच्या रेतीत, उतरतात, लाटांतून गाडी पळवतात, तिचे व्हिडिओ काढतात. एकदा अशी एक गाडी रेतीत रुतली आणि भरती लागली. मला बोलावणं आलं. जाऊन बघतो तर चाकं बुडालेली आणि मालक बॉनेटवर बसून मोबाइलवर आपलंच शूटिंग करतोय. वाडीतल्या रापणवाल्या मच्छीमारांनी दोर लावला, चाकांतली हवा कमी केली आणि जाळं ओढतात तशी गाडी ओढून काढली. मालक म्हणाला, "थँक यू, काही झालं नाही गाडीला." मी त्याला म्हटलं, "झालंय. ते तुम्हाला पुढच्या वर्षी दिसेल." खाऱ्या पाण्याची खोड अशी की ते लगेच काही करत नाही. आत जाऊन बसतं.

शौकतची गाडी याच खाऱ्या पाण्याची. त्याच्या गावाचं नाव सांगत नाही, त्याच्या वडलांना आवडणार नाही. खाडीकाठचं आहे एवढंच सांगतो. शौकत कुवेतला क्रेन चालवायचा. एका सुट्टीत त्याने पुण्याहून जुनी फोर-बाय-फोर घेतली, घराच्या अंगणात लावली आणि परत गेला. पुढची काही वर्षं गाडी सांभाळली त्याच्या वडलांनी. दाऊदचाचा म्हणजे जुने तांडेल. मच्छीमारीच्या होडीवरचा प्रमुख तो तांडेल. किती वाजता निघायचं, जाळं कुठे टाकायचं, कधी मागे फिरायचं, हे तो ठरवतो आणि होडीचा मालकसुद्धा त्याच्यापुढे बोलत नाही. चाचांनी होडी सोडून बराच काळ झाला होता, पण गावात आणि आमच्या गॅरेजातही लोक त्यांना तांडेलच म्हणायचे.

शौकत कुवेतची नोकरी सोडून कायमचा घरी आला. गावाच्या वर सड्याच्या टोकाला त्यांची थोडी जमीन होती. तिथे त्याने दोन खोल्या बांधल्या. तिथून खाडीचं मुख आणि पलीकडचा दर्या दिसतो. पाहुण्यांच्या गाड्या खाली लावायच्या आणि आपल्या गाडीतून त्यांना वर न्यायचं, असा त्याचा बेत. मधली वाट भयंकर. म्हणून गाडी दुरुस्त करून तीन इंच उंच करायची होती. दिवाळीच्या सुट्टीतली बुकिंग आली होती. सगळी कमाई त्या दोन खोल्यांत गेली होती, आणि परतीचा व्हिसा संपला होता. त्या खोल्यांपर्यंत माणसं पोचली तर त्याचं घर चालणार, नाहीतर नाही.

गाडी आली ती चाचांना घेऊनच. त्यांनी घडीची कापडी खुर्ची बरोबर आणली होती. ती दारात मांडली आणि मला म्हणाले, "खालून बघ मिस्त्री. बॅटरी लावून बघ. एक डाग दाखव, मी ही टोपी काढून ठेवतो."

मी खाली सरकलो. आमच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांचं पोट बघवत नाही. हात लावला की गंजाचे पापुद्रे डोळ्यांत पडतात. ही गाडी खालून काळी कुळकुळीत. होडी पावसाआधी किनाऱ्यावर ओढतात, सुकवतात आणि बुडाला डांबर चढवतात, तसं चाचांनी दर वर्षी गाडीला डांबर चढवलं होतं. पावसाळाभर तिच्यावर माडाच्या झापांचं छप्पर घालायचे.

"पोरगा तिकडं उन्हात रापतोय," चाचा वरून म्हणाले, "आणि त्याची गाडी हिकडं मी सडवली तर बाप कसला मी?"

मी बाहेर आलो आणि म्हटलं, "चाचा, गाडी जपावी तर तुम्ही."

ते मी मनापासून म्हटलं होतं. तरी मला एक गोष्ट टोचत होती. चासी म्हणजे गाडीच्या पोटाखालचे दोन लांब पोकळ लोखंडी खांब. इंजिनपासून सीटपर्यंत सगळं त्यांच्यावर बसलेलं असतं. जुनी गाडी आली की आम्ही छोट्या हातोडीने चासी वाजवून बघतो. चांगलं लोखंड खणकन बोलतं, आतून खाल्लेलं बद्द वाजतं. इथे डांबराचा थर इतका जाड की सगळीकडे एकच बद्द आवाज. चांगलं की वाईट, काहीच कळेना. डांबर खरवडावं म्हटलं तर चाचा समोर बसलेले. मी मनाला म्हटलं, उद्या बघू, आणि घरी जाऊन नीट जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा नमाजाला गेले. मी पुढून जॅक लावला आणि गाडीचं नाक उचलायला लागलो. थोडी वर गेली आणि मला पाण्याचा आवाज आला. खळखळ असा. मला वाटलं, आत कुणाची बाटली राहिली असेल. गाडीत बाटली नव्हती. काचा पुसायच्या पाण्याची टाकी बघितली, ती कोरडी. जॅक खाली सोडला, तर तो आवाज मागून पुढे आला. पुन्हा उचलला, तर पुढून मागे गेला. पाणी चासीच्या आत होतं.

मी खाली जाऊन पेचकसाने डांबर खरवडलं. चासीच्या खालच्या बाजूला कंपनीने ठरावीक अंतरावर भोकं ठेवलेली असतात. ती एकूण एक बुजवलेली होती. कापूस आणि राळ, ठासून, अगदी होडीच्या फळ्यांच्या फटी भरतात तसं. हात लावला तरी कळत होतं की हे काम जन्मभर तेच केलेल्या माणसाचं आहे. मोठ्या मुश्किलीने एक बूच निघालं आणि तांबडं पाणी माझ्या बाहीतून थेट बगलेपर्यंत गेलं. मी जिभेला लावून बघितलं. खारट.

मग माझ्या लक्षात आलं. पुनवेच्या उधाणाला खाडीचं पाणी त्यांच्या अंगणात येतं, गाडीच्या पोटापर्यंत. चाचांनी खाली वाकून बघितलं असणार आणि त्यांना तिथे भोकांची रांग दिसली असणार. पायाखालच्या फळीत भोक दिसलं की बाकी सगळं टाकून आधी ते बुजवायचं, यात ज्याचं आयुष्य गेलं त्याने दुसरं काय करायचं होतं? पण ती भोकं पाणी बाहेर जावं म्हणून होती. पाणी आत यायला वर आणि बाजूला वाटा होत्याच, त्या तशाच राहिल्या. उधाणाचं पाणी शिरलं, पाऊस शिरला आणि बाहेर पडायला जागा नाही. अंगणाला खाडीकडे उतार, गाडीची पाठ खाडीकडे. सगळं पाणी मागे साचून राहिलं. मी मागच्या पाट्याच्या वर, चासीला पेचकसाचं टोक टेकवलं आणि जरा दाबलं. पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

मी तिथेच उताणा पडून राहिलो. डोळ्यांसमोर ती सड्याची वाट आली. गाडीत पाहुणे, त्यांची पोरं, आणि चढावर मधेच गाडीची पाठ मोडते.

"काय रे मिस्त्री, झोपलास काय?" चाचा नमाजाहून परत आले होते.

"नाय चाचा, एक नट गंजलाय, निघत नाय."

"माझ्या गाडीचा नट? गंजेल कसा?"

"आतला आहे. कंपनीचाच तसा."

"हां, कंपनीचा असेल," असं म्हणून ते समाधानाने खुर्चीत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी शौकतला समोरच्या चहाच्या टपरीवर नेलं आणि सगळं सांगितलं. त्याच्या हातातला ग्लास तसाच राहिला. पहिलं वाक्य तो बोलला ते असं, "भाऊ, अब्बांना कळता कामा नये."

"ते बघू. आधी गाडीचं ऐक."

"तुम्ही वेल्डिंग मारा. वरून डांबर लावा. उंची वाढवून द्या. बाकी अल्ला मालिक."

मी म्हटलं, "सडलेल्या लोखंडावर वेल्डिंग म्हणजे ओल्या भिंतीला कागद चिकटवणं. सडकं सगळं कापून काढायला हवं, चांगलं लोखंड लागेपर्यंत. ते कुठे लागेल, मला आज माहीत नाही. लागलंच नाही तर ही गाडी संपली. आणि उंच केली की दगडावर मागचं चाक आणखी खाली लोंबणार, तेवढा ताण नेमका तिथेच येणार. मी अशी गाडी देणार नाही."

"मग दुसरा मिस्त्री बघतो."

"बघ. पण नेताना गाडीत कुणाला बसवू नको."

तो चिडून उठला, दोन पावलं गेला आणि परत येऊन बसला. "भाऊ, मी त्यांना काय सांगू? माझ्या एवढ्या वर्षांच्या घामाची गाडी तुम्ही तुमच्या हातांनी खाल्लीत, असं सांगू? मी फोन केला की ते आधी गाडीचं बोलायचे. आज धुतली, आज चालू करून बघितली. मला तिथे तेवढंच बरं वाटायचं."

गप्प राहायचं असं त्या दिवशी आमचं दोघांचं ठरलं. ठरलं म्हणजे मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शौकत गाडी न्यायला हजर, दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायची असणार. बरोबर चाचा. धुतलेला पांढरा सदरा, नवी टोपी, कानाला अत्तर. मला वाटलं कुणाचं लग्न आहे.

"झाला ना काम?" चाचा म्हणाले. "शौकत म्हणतो गाडी न्यायची. मी म्हटलं पहिली फेरी मी बसणार. पुढच्या सीटवर. वर खोल्यांपर्यंत."

मी शौकतकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याला वडलांना नको म्हणता आलं नव्हतं. किल्ली माझ्या खिशात होती, आणि ती मी मुठीत घट्ट धरून ठेवली. गाडी त्याची, किल्ली त्याची, मला काहीएक अधिकार नव्हता. तरी मी म्हटलं, "किल्ली मिळायची नाही."

"का?" चाचांनी विचारलं.

मी गप्प. शौकतही गप्प. चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"दोन खलाशी असे गप झाले ना," ते म्हणाले, "की मी आधी होडीच्या तळाला पानी बघायचो."

आणि त्यांनी तिथलं पोतं ओढलं, जमिनीवर अंथरलं आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्या पांढऱ्या सदऱ्यात गाडीखाली गेले. गुडघे दुखत असणार, तोंडातून आवाज निघाला.

"माझी बुचं कोणी काढलीन?"

"मी काढली चाचा."

"कशाला?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी आडवा झालो आणि बॅटरी धरून सगळं सांगितलं. पाणी कुठून येतं, कुठून जायला हवं होतं, कुठे साचलं. ते मधे बोलले नाहीत. मागच्या पाट्याच्या वर मी पेचकस घातला होता ते भोक त्यांना दिसलं. त्यांनी त्यात बोट घातलं. बोट आत गेलं, आणि कडेचं लोखंड ओल्या बिस्किटासारखं तुटून त्यांच्या दाढीवर पडलं.

त्यांनी दाढी झटकली. मग म्हणाले, "ओढा मला बाहेर."

आम्ही दोघांनी त्यांना ओढून काढलं, खुर्चीत बसवलं. सदऱ्यावर तांबडे डाग. शौकत त्यांच्या पायाशी बसला. "अब्बा, तुम्ही जपायलाच केलंत ना. तुम्हाला काय म्हायत..."

"गप." चाचा माझ्याकडे वळले. "तू मला नट बोललास."

"हो चाचा."

"होडीत पानी भरतंय आणि खलाशी तांडेलाला सांगत नाय. काय होतं मग?"

ते शौकतला म्हणाले, "आणि तू मला हिच्यात बसवून वर नेणार होतास."

"नाय अब्बा. खालीच कायतरी सांगून थांबवणार होतो."

"कायतरी सांगून," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही दोघं मला जपताय. मी ही गाडी जपली तसं."

शौकत रडायला लागला, बाप्यासारखा बाप्या, हमसून. चाचांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताचा गंज त्याच्या केसांना लागला. मीही तोंड फिरवून हत्यारं आवरायला लागलो, जी आवरलेलीच होती.

पुढचं काम चाचांच्या हुकमाने झालं. त्यांनी सांगितलं, "जिथवर सडलंय तिथवर काप. चांगला लोखान लागला तर पुढं बोलू. नाय लागला तर भंगारात घाल. पोरगा काय बोलतो ते ऐकू नको." शौकतने मान खाली घालून हो म्हटलं. आम्ही गाडीचं मागचं अंग मोकळं केलं, डांबर जाळून काढलं आणि मी हातोडी घेऊन वाजवत पुढे सरकायला लागलो. बद्द, बद्द, बद्द. चाचा खुर्ची सोडून माझ्या शेजारी उकिडवे बसलेले. प्रत्येक ठोक्याला ते डोळे मिटायचे. पाण्याने मागेच मुक्काम केला होता तेच शेवटी कामाला आलं. गाडीच्या मध्याच्या जरा मागे हातोडी खणकन वाजली. मी पुन्हा मारली. पुन्हा खणकन. "अल्लाचा शुकर," चाचा म्हणाले. तो खणकन आवाज ऐकून मला किती बरं वाटलं, ते आजही सांगता येत नाही.

सडका भाग कापून त्या जागी जाड पत्र्याचा नवा खांब घडवला, आतून दुसऱ्या पत्र्याची बाही घातली, जोड सरळ न ठेवता तिरका घेतला, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही. नव्या खांबाला भोकं पाडली तेव्हा चाचांनी प्रत्येकात बोट घालून बघितलं. उंची मी तीन इंच दिली नाही, जेमतेम दीड दिली. शौकत कुरकुरला नाही. सड्याच्या वाटेवरचे सगळ्यात वाईट दगड त्याने आणि वाडीतल्या पोरांनी पहारीने काढून टाकले होते. हे त्याने आधीच केलं असतं तर, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी गिळलं.

गाडी तयार झाली. मी नेहमीसारखा किल्ली देऊन दारात उभा राहिलो. काळजी करायची ती घरी जाऊन करायची, असा माझा नेम.

"चल, बस," चाचा म्हणाले.

"मी कशाला?"

"आमच्या वाडीची रीत हाय. होडी दुरुस्त झाली की ज्यानं दुरुस्त केलंन तो पहिल्या फेरीला होडीत बसतो. मगच बाकीचे."

इतकी वर्षं मी लोकांच्या गाड्या उंच केल्या, पण आपल्या हातच्या गाडीत बसून अवघड चढ चढायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी मागे बसलो. ते नवं लोखंड नेमकं माझ्या बुडाखाली होतं. शौकत चालवायला, चाचा त्याच्या शेजारी. गाव संपलं, डांबर संपलं आणि जांभ्याची चढण लागली. पहिल्या दगडावर मागचं चाक लोंबलं तशी मी समोरची सीट दोन्ही हातांनी धरली. कुठेतरी खट् वाजलं. जोड गेला! मी खाली वाकून कान लावला, तर मागे ठेवलेला जॅक पाट्यावर आपटत होता. तो मी मांडीवर घेतला आणि तसाच बसलो.

निम्म्या चढावर शौकतने ब्रेक दाबला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. "अब्बा, तुम्ही इथं उतरा. भाऊ, तुम्हीपण. मी एकटा नेतो वर."

"भोकं मी बुजवली," चाचा म्हणाले. "लोखान यानं जोडलंन. चालवतोस तू. तिघांनीच जायचं. चल."

शौकतने गियर टाकला. गाडी एक दगड चढायची, जरा थांबायची, पुढचा चढायची. चाचा समोर बघत होते, मान ताठ, एका हाताने दाराच्या वरची दांडी धरलेली. मागून बघणाऱ्याला वाटलं असतं, तांडेल गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा आहे. मला मनात वाटलं, काय माणूस आहे, याला भीती म्हणून नाहीच. शेवटचा चढ गाडीने एका दमात घेतला आणि अचानक सगळं सपाट झालं. समोर दोन खोल्या, त्यांच्या मागे खाडीचं मुख आणि दर्या.

शौकतने उडी मारली आणि तो थेट गाडीच्या मागे जाऊन खाली डोकं घालून जोड बघायला लागला. मी उतरलो. चाचा बसूनच होते. मी त्यांचं दार उघडलं. दांडीवरची मूठ सुटत नव्हती. बोटं पांढरी पडली होती. मी ती एकेक करून सोडवली, तर सगळा हात थरथरत होता.

"चाचा, भ्यालात काय?"

"दर्यात एवढा कधी भ्यालो नाय." त्यांनी आवाज खाली घेतला, मागे ऐकू जाऊ नये म्हणून.

"मग बसलात कशाला? मी होतो की गाडीत."

त्यांनी मान वळवून मागच्या चाकाशी वाकलेल्या शौकतकडे बघितलं.

"तो एकटा भ्याला असता."